ह्यांच्या गाडीची मागची काच

गुरुवार, ५ तारीख

काच आली! मोठ्या खोक्यात, चहूबाजूंनी पेंढा, मध्ये ही बाई लाजून बसलेली. मी हात लावायला गेले तर चिमणी म्हणते, आजी, बोटं उठतील. नऊ वर्षांचं कार्टं! ही गाडी घेतली तेव्हा तुझा बाप रांगत होता म्हटलं, आणि मला शिकवतेस? (मग गुपचूप हात पदराला पुसून लावला. गार लागते. छान आहे.)

हे लिहिते आहे तीही चिमणीचीच वही. अर्धी कोरी टाकून दिली होती. मी तिसरीपर्यंत शिकले, पण कोरं पान टाकवत नाही मला.

शेजाऱ्यांची शिडी पडून मागची काच फुटली त्याला दोन वर्षं झाली. हे गेले ते त्याच साली. तेव्हापासून गाडी शेडमध्ये, मागच्या बाजूला प्लास्टिक बांधून. आता आमचे चिरंजीव म्हणतात, पंधरा तारखेच्या रविवारी तो जुन्या गाड्या जमवणारा मिशीवाला येणार आहे. तोवर काच बसली आणि पाण्याचा एक थेंब आत आला नाही, तर गाडी घरात राहील. थेंब आला की मिशीवाल्याची. "आई, कुजत ठेवण्यापेक्षा बरं ना?" म्हणे. कुजत! बापाच्या गाडीला!

आणि काच बसवणार कोण? सूनबाई! खिडक्यांच्या कारखान्यात काम करते, काचा बसवते, म्हणून. पण मी ह्या कानांनी ऐकलं आहे, नवऱ्याला म्हणत होती, शेडमध्ये माझं एक टेबल मावलं असतं. झालं! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

शुक्रवार, ६

काचेभोवती रबराची पट्टी बसते, चौकटीसारखी. ती आणून गाडीतच मागच्या सीटवर टाकली आहे. दुपारी घरात कोणी नव्हतं म्हणून बघायला गेले. नवी, पण हाताला कडक, खरखरीत. असल्या कडक पट्टीने काय डोंबल पाणी अडणार! तेलाची बाटली घेऊन गेले आणि सीटवर बसून, पट्टी मांडीवर घेऊन चांगली चोळली. चिमणीला तान्ही असताना चोळायचे तशी, सांध्यासांध्यात. कशी मऊ झाली! बिजागरी असो, शिवणयंत्र असो, माणसाचं डोकं असो, तेलाने बिघडलेलं मी काही पाहिलेलं नाही.

कोणाला सांगितलं नाही. उगाच पुन्हा "आई, तुम्ही कशाला" ऐकायचं.

किती वर्षांनी त्या सीटवर बसले. जन्म मागेच गेला माझा. पुढे ह्यांच्याशेजारी सासूबाई. वीस वर्षं! मागे मी, मुलगा, डबे, सतरंजी. सासूबाई गेल्यावर हे म्हणाले, ये आता पुढे. मी गेले नाही. एक तर राग. आणि दुसरं म्हणजे मागच्या काचेतून मागे पडणारा रस्ता बघायची सवय लागलेली. पुढचं ह्यांनी बघावं, मागचं मी.

शनिवार, ७

आज बसवली. बघण्यासारखं काम आहे खरं. पट्टी आधी काचेला चढवतात. पट्टीच्या खाचेत गोल दोरी ओवतात, पायजम्याला नाडी ओवावी तशी. मग साबणाचं पाणी लावून सगळं गाडीला टेकवायचं. मुलगा बाहेरून तळव्याने थोपटतो, सून आत बसून दोरी ओढते. दोरी निघते तसा पट्टीचा ओठ पत्र्यावरून आत उलटतो. शेवटी बंदुकीसारख्या नळीतून पट्टीखाली चिकट मलम भरायचं, म्हणजे फट राहत नाही.

चांगली सरसर बसली. सून म्हणाली, "बापरे, किती सहज गेली!" मी मनात म्हटलं, कोणामुळे ते विचार की.

रविवार, ८

गळते!! मलम वाळायला एक दिवस दिला आणि आज नळीने पाणी मारलं. चिमणी आत वर्तमानपत्र पसरून बसली होती. ओरडली, इथे एक, इथे दोन, आजी, इथे धारच! मुलगा हसला. बापाच्या गाडीत पाणी शिरतंय आणि हसतो! सून म्हणाली, परत काढते.

मुद्दाम केलं असेल का? देव जाणे. टेबल मावतं तिचं.

सोमवार, ९

काच काढून भिंतीशी उभी केली आहे. पट्टी सीटवर. हात लावून बघितला तर पुन्हा कोरडी. मग गळेल नाहीतर काय! पहिल्या वेळी मीच हात आखडता घेतला. आज दुप्पट तेल. चोळत असतानाच फाटक वाजलं, तशी पदराला हात पुसत मागच्या दाराने घरात.

बुधवार, ११

माझी तेलाची बाटली सापडत नाही. काल डोकं कोरडं, आज कोरडं. फडताळात होती! चिमणीला विचारलं, नाही म्हणाली. मुलाला विचारलं, तो म्हणाला, "आई, मला केस तरी आहेत का?" सुनेला विचारलं नाही. तिला काय विचारायचं. ह्या घरात माझी एक वस्तू जागेवर राहील तर शपथ!

आणि काच परत गळली. काल बसवली, आज पाणी मारलं, पहिल्याहून जास्त. सून किती वेळ आत वाकून मागच्या सीटखाली चाचपत होती. बाहेर आली तर हातात फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. ह्यांचंच काही सापडलं असणार. चष्म्याचं घर असेल, पेन असेल. मला दाखवावं की नाही? नाही! मुलगा म्हणाला, "अगं, दिवसभर हेच काम करतेस ना तू? चुकतंय काय?" तिने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाली, "माझंच चुकलं."

निदान कबूल तरी केलं. पण चार दिवस उरले त्याचं काय?

गुरुवार, १२

शेडला कुलूप!!!

चाळीस वर्षांत त्या दाराला कधी साधी कडी लागली नाही. दुपारी गेले तर हे एवढं थोरलं कुलूप. मी मुलाला म्हटलं, माझ्याच घरात मला कुलूप? तो म्हणाला, तिलाच विचार. तिला विचारलं. म्हणाली, "आई, रविवारपर्यंत. मग किल्ली तुम्हीच ठेवा." आवाज न चढवता, पोळी लाटता लाटता. मला तर वाटलं लाटणं हिसकावून घ्यावं.

म्हणजे रविवारी मिशीवाला गाडी नेणार, आणि मी रिकाम्या शेडची किल्ली कमरेला लावून मिरवायची. जेवले नाही. (दूध घेतलं. चिमणीने आणलं, तिचं मन कसं मोडायचं.)

शुक्रवार, १३

खिडकीतून बघितलं. सून शेडचं दार उघडं टाकून बसली होती. पट्टी स्पिरिटने पुसत होती. फडकी बदलून बदलून पुसते आहे. एवढी काय घाण होती तिला? मी चांगली मऊ केलेली!

संध्याकाळी काच बसवली. मला कोणी बोलावलं नाही, मी गेले नाही.

रविवार, १५

मिशीवाला दहाला आला. खरंच मिशा, दोन्ही टोकांना पीळ. गाडीला हात लावून म्हणाला, व्वा. मला त्याचा हातच तोडावासा वाटला.

सुनेने नळी स्वतः धरली. वरून, कोपऱ्यांतून, खालून. चिमणी आत. मी वर्तमानपत्राकडे बघत उभी, ह्यांचं नाव घेत. किती वेळ गेला काय माहीत. चिमणी म्हणाली, कोरडं आहे. मिशीवाला म्हणाला, अजून मारा. अजून मारलं. कोरडं! चिमणीने कागद काचेला लावून दाखवला, त्यावरची शाईसुद्धा हलली नव्हती.

मिशीवाला चहा पिऊन गेला. भला माणूस होता तसा.

मग गाडी बाहेर काढली. मी सवयीने मागचं दार उघडायला गेले तर सुनेने पुढचं उघडून धरलं. बसा, म्हणाली. मुलाच्या शेजारी! जन्मात पहिल्यांदा पुढे बसले आणि मागची काच काही दिसेना. एवढा आटापिटा कशासाठी केला मग! मान वळवून वळवून दुखायला लागली. पण उतरले नाही.

सोमवार, १६

चिमणी मलमाची रिकामी नळी घेऊन खेळत होती. बारीक अक्षर मला दिसत नाही, म्हणून म्हटलं, वाच बघू काय लिहिलंय. तिने वाचलं — जागा कोरडी व स्वच्छ असावी. तेलकट जागेवर हे चिकटत नाही.

परत वाच म्हटलं. परत तेच.

म्हणजे दोन्ही वेळा मीच. गाडी गेली असती ती माझ्या हातांनी! आणि बोल कोणाला लावत होते? कोणाला कळलं नाही हे नशीब. सांगायचं का? नको. उद्या बघू.

मंगळवार, १७

सुनेने सकाळी किल्ली आणून दिली. म्हटल्याप्रमाणे. आणि फडक्यात गुंडाळलेली माझी तेलाची बाटली. "मागच्या सीटखाली गेली होती, आई. बुधवारी सापडली."

मी म्हटलं, बस इथे खाली, केस सोड.

शेडमध्ये गाडी शेजारी ठेवूनही टेबल मावतं. मी वितीने मोजून आले.