सगळ्यांत गरजू कोण

तीर्थरूप आत्यास सलाम. (वाकून केलाय असं समज. खाटांखालच्या चपला शोधून शोधून कंबर तशीही वाकलेलीच आहे.)

‘चर्चच्या त्या शिबिरात तू नक्की करतेस तरी काय?’ हा तुझा प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला आणि दर वेळी मला त्याचं उत्तर आलं नाही. पदवीच्या परीक्षेत एकही प्रश्न सोडला नव्हता, हा सोडते. त्याऐवजी कालचा दिवस जसा गेला तसा सांगते, मग तूच ठरव. तुझा गुडघा कसा आहे? आणि शिलाई मशीन? (मागच्या पत्रात मशीनच्या तब्येतीवर जास्त मजकूर होता, म्हणून दोघांची वेगवेगळी चौकशी करते.) बाबांना सलाम सांग, पण हे पत्र त्यांना इतक्यात वाचायला देऊ नकोस. कारण पुढे येईलच.

आम्ही, म्हणजे शिबिराला आलेल्या शाळकरी मुली आणि त्यांना सांभाळणारी मी, चर्चच्या मागच्या लांबट हॉलमध्ये राहतो. या वयाच्या मुलींबद्दल लोक नाही नाही ते बोलतात, पण मला तर त्या थोर वाटतात. एक रडायला लागली की बाकीच्या कारण न विचारता तिच्याबरोबर रडायला बसतात. कारण कळल्यावर त्यातल्या निम्म्यांना हसू येतं, पण रडणारीला सोडून एकही उठत नाही. माझ्या गटात एक ‘वकील’ आहे (दात घासावेत की नाही, यालाही दुसरी बाजू असते असं तिचं म्हणणं) आणि एक ‘सावली’. ही माझ्या मागून इतकी बिनआवाज चालते की मी वळले की आमची टक्कर होते. सगळ्यांवर आमच्या पाळकबाई, म्हणजे इथल्या पाळकांच्या पत्नी. त्या आवाज कधी चढवत नाहीत. नुसता चष्मा काढतात, की हॉल गप्प.

इथली एक जुनी पद्धत आहे. एक दिवस प्रत्येक मुलीने चिठ्ठी उचलायची, जिचं नाव येईल तिची दिवसभर गुपचूप सेवा करायची, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर तिच्यामागे जाऊन उभं राहायचं, म्हणजे कोण कोणासाठी राबलं ते उघड होतं. पद्धत छानच, पण पदवीधराला सुधारणा केल्याशिवाय चैन कुठे? परवा रात्री मी म्हटलं, यंदा चिठ्ठ्या नकोत. प्रत्येकीने डोळे उघडे ठेवून बघावं की आपल्या सगळ्यांत जास्त गरज कोणाला आहे, आणि कोणालाही न विचारता तिला निवडावं. यावर मी बराच वेळ बोलले. (‘विवेक’ हा शब्द फार वेळा आला, असं वकील नंतर म्हणाली.) पाळकबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, करून बघ.

सकाळी उठले तर चपला गायब. कोणीतरी त्या धुऊन उन्हात ठेवल्या होत्या. दुसरीने, चामडं तडकेल म्हणून, सावलीत हलवल्या. तिसरीने, तिथे कुत्रं येतं म्हणून, कपाटात कोंबल्या. मी अनवाणी प्रार्थनेला गेले. पाळकांना ती भक्ती वाटली आणि त्यांनी सर्वांसमोर माझं कौतुक केलं. खाट मी उठण्याआधीच आवरली गेली होती, म्हणजे चादरीबरोबर मीही घडीत गेले होते. न्याहारीला पाव अर्धा असतानाच मागून एक हात आला आणि ताटली घासायला घेऊन गेला. दुसरी घेतली, तीही गेली. चहात इतक्या जणींनी साखर घातली की चमचा आधाराशिवाय उभा राहिला. वाळत घातलेला निळा ड्रेस कोणी धुतला, सुकल्यावर आणखी कोणी धुतला, आणि दुपारपर्यंत त्याचा निळेपणा केवळ ऐकीव माहिती उरली. (तूच शिवलेला तो. बटणं मात्र सगळी जागच्या जागी. तुझा दोरा रंगाला पुरून उरला.)

मला यातलं काहीच कळलं नाही. वाटलं, मुलींना मी नकोशी झाले आहे आणि त्या मला छळून घालवताहेत. तरी कोणी काही मागितलं की मी हो म्हणत होते. गाणं बसवता? हो. आमच्या वाटणीचा हॉल झाडता? हो. शेवटच्या दिवशीच्या नाटकात देवदूतांना पंख लागणार होते, त्यालाही हो म्हटलं. माझ्या हातचे पुठ्ठ्याचे पंख लावून मुली देवदूत कमी आणि भिजलेल्या कोंबड्या जास्त दिसत होत्या. दुपारी भांड्यांच्या नळापाशी माझे डोळे भरले होते, आणि नेमक्या तेव्हा पाळकबाई आल्या. चर्चच्या मुलींच्या वसतिगृहात वर्षभर राहून मुलींना सांभाळायला माणूस हवं आहे, राहशील का, म्हणाल्या. आत्या, माझ्या पोटात एकदम दिवा लागल्यासारखं झालं. पण सोमवारी मला विमा कार्यालयात नोकरीवर हजर व्हायचं होतं. तिथल्या साहेबांना तू माझ्यासाठी हो सांगून बसली होतीस. मी म्हटलं, सोमवारी त्या कार्यालयात जायचंय, बघू.

संध्याकाळी प्रार्थना झाली आणि मुली उठल्या. मी मान खाली घालून बसले होते. वर पाहिलं तर समोरचा हॉल रिकामा, आणि सगळ्याजणी माझ्यामागे, भिंतीपर्यंत. पाळकबाईही चष्मा सावरत आल्या आणि रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या.

सगळ्यांत गरजू मी? असं मी विचारलं. उत्तर अर्थातच वकिलाने दिलं.

“ताई, तुम्हाला नाही म्हणता येत नाही. सगळ्यांनाच दिसतं ते.” मग म्हणाली, “माझी सेवा अजून राहिलीय. आता सराव करू. तुमची शिट्टी मला कायमची द्या.”

मी शिट्टी गळ्यातून काढली. मागून सुस्कारे आले.

“पुन्हा एकदा. उद्या आमची भांडी तुम्ही घासा.”

मी विचारलं, फक्त उद्याचीच ना? पाळकबाई खोकल्या.

मग वकिलाचा आवाज मऊ झाला. “ताई, सोमवारी त्या कार्यालयात जायचंय तुम्हाला?”

(नळापाशी माझ्यामागे सावली होती, हे मी विसरले होते. सावलीला तोंडही असतं हे मला काल कळलं.)

“नाही,” मी म्हटलं.

हॉल गप्प झाला, आणि या वेळी कोणी चष्मा काढला नव्हता.

आत्या, मी तुझ्या मशीनच्या खडखडाटात अभ्यास करून शिकले; शांततेत मला अजूनही वाचता येत नाही. तू साहेबांना हो म्हणालीस ते माझ्या भल्यासाठीच, हे मला ठाऊक आहे. फक्त मला विचारलं नव्हतंस, आणि मीही तोंड उघडलं नव्हतं. आज सकाळी मी साहेबांना नम्र नकार कळवला आणि पाळकबाईंना होकार. तू रागावशील, पण रागावलीस तरी जेवायला वाढतेस, या भरवशावर लिहिते आहे.

तुझी आज्ञाधारक (कालपर्यंत) भाची

ता. क. बाबांना तू सांग. जेवण झाल्यावर सांग, आणि आधी गुडघ्याचं रडगाणं गा, म्हणजे माझी बातमी त्यामानाने बरी वाटेल.

ता. क. सराव चालू आहे. आज मुलींनी प्रार्थनेऐवजी पोहायला जाऊ का विचारलं, मी नाही म्हटलं. त्यांनी इतक्या टाळ्या वाजवल्या, की त्या आनंदात मी लगेच हो म्हटलं.

ता. क. पुठ्ठ्याच्या पंखांचं काही जमत नाही, कापडाचेच शिवावे लागणार. पाळकबाई म्हणाल्या, तुझ्या आत्या मशीन घेऊन येतील का? तुला विचारायला वेळ नव्हता, म्हणून तू साहेबांना जसं माझ्या वतीने सांगितलंस, तसंच मी तुझ्या वतीने हो सांगून टाकलं. गुडघ्याला सोसेल अशी उंच खाट खिडकीशी घातली आहे. हे पत्र तुझ्या हातात देऊन दारात उभा आहे तो चर्चच्या गाडीचा ड्रायव्हर. मशीन उचलायला त्याला बाबांनी एक हात लावला तर बरं.