दहा मिनिटांचं इंधन

सोमवार, ४ मार्च
पोचलो. तेवीस वर्षं मुलांकडून विभक्त्या घोकून घेतल्या. शाळेने संस्कृत बंद केलं आणि मी थेट विमानतळावर. उत्कर्ष याहून उंच कुठे होणार? विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक पत्र्याची खोली, तीत रेडिओ आणि मी. नोकरी भाचीने मिळवून दिली. ती इथली वैमानिक. बहीण गेल्यावर सातव्या वर्षापासून माझ्याकडे वाढली; आता मामाला मी सांभाळते, असं गावभर सांगत फिरते. फिरू दे.

मंगळवार, ५ मार्च
काम सोपं: फेरीला लागणारं इंधन काढायचं. अंतर भागिले वेग म्हणजे वेळ. तेवढ्या वेळाचं इंधन, वर पाऊण तासाचं राखीव. विमान जातं ते बेट चारशेऐंशी किलोमीटरवर, विमानाचा वेग ताशी दोनशे. बेटावर इंधन मिळत नाही, म्हणून येण्याचंही इथूनच भरायचं. जाऊन-येऊन चार तास अठ्ठेचाळीस. राखीव धरून पाच तास तेहतीस मिनिटं. कागदावर साहेबांची सही लागते. साहेब रजेवर आहेत, पण कोऱ्या कागदांवर सह्या करून गेलेत. याला म्हणतात दूरदृष्टी.
विमानाची देखभाल करणारे मिस्त्री म्हणाले, मास्तर, वारा विसरलात. मी म्हटलं, जाताना समोरून जेवढं घेईल तेवढं येताना पाठीमागून देईल; ऋण-धन मिळून शून्य. मिस्त्रींनी डोकं खाजवलं. शिकल्या-सवरल्या माणसाशी वाद कोण घालणार!

शनिवार, ९ मार्च
तीन फेऱ्या झाल्या. वारा नावालाच. भाची म्हणते, मामा, तुझं गणित श्लोकासारखं आहे. कळलं नाही तरी विश्वास बसतो.

मंगळवार, १२ मार्च
बेटावर औषधं तातडीने हवीत. वारा आज ताशी ऐंशी, जाताना समोरून. कागद तोच.
दुपारी बेटावरून तिने रेडिओवर विचारलं, मामा, यायलाच चार तास लागले, टाकीत दीड तासाचंच दिसतंय. निघू का सकाळपर्यंत थांबू? मी म्हटलं, आता वारा ढकलत आणेल, काट्यापेक्षा कागद खरा, ये. हसली. निघाली.

त्याच दिवशी, संध्याकाळ
आता मांडून पाहिलं. जाताना वेग एकशेवीस, चार तास. येताना दोनशेऐंशी, एक तास त्रेचाळीस. घेणारा वारा चार तास सोबत असतो, देणारा पावणेदोनसुद्धा नाही. दहा मिनिटं कमी पडतात.
दहा मिनिटं म्हणजे समुद्रावर सत्तेचाळीस किलोमीटर.
शोधायला बोटी गेल्यात. मिस्त्री समोर बसलेत. वारा विसरलात, असं पुन्हा म्हणाले असते तर बरं झालं असतं.

बुधवार, १३ मार्च
सकाळी दहाला रेडिओ खरखरला. तीच. मामा, किती उरलंय?
मी कागद ओढला. दहा मिनिटं, असं लिहिलं आणि सांगितलं. पुढची दहा मिनिटं इंजिनाची घरघर नीट ऐकू येत होती. मग पुन्हा तोच प्रश्न.
मिस्त्रींना ऐकवलं. त्यांना नुसती खरखर. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, मास्तर, बोटवाल्यांना पंख सापडलाय.

गुरुवार, १४ मार्च
साठ लिहून पाहिले. चालत नाही. दहाव्या मिनिटाला विचारतेच.
मिस्त्रींनी माझ्या भल्यासाठी रेडिओची वायर काढून नेली. आवाज थांबला नाही.
दहा. दहा. दहा.

शुक्रवार, १५ मार्च
डोळा लागला — जेमतेम चार मिनिटं. जागा झालो तर रेडिओतून पाणी ऐकू येत होतं. आत शिरणारं. घाईने दहा लिहिले. इंजिन सुरू झालं. ती खोकत होती.
म्हणजे माझ्या हातावर आहे. सगळं.

शनिवार
गारठलीय. दात वाजतात. खाली काही दिसत नाही म्हणते, सगळीकडे पांढरं —
दहा.
रागावत नाही. रागाव म्हटलं तरी नाही.

वार माहीत नाही
आता किती उरलंय, असं विचारत नाही. म्हणते, मामा, पुरे. दमले रे. शून्य लिही ना एकदा, म्हणजे मला उतरता येईल.
सात वर्षांची होती तेव्हा झोप आली की याच आवाजात —
तिला छळतोय, कळतं मला. पण शून्य लिहिलं की मग रेडिओ — मग ही खोली — मग मी कुणाचा —
लिही ना, म्हणते.
म्हटलं, हो बाळा, लिहितो, फक्त ही दहा मिनिटं, ही शेवटची, मग खरंच —