परत दिलेली वाटी

२ मार्च
पोचले बाई एकदाची! नागरवाड्यातल्या घरून निघताना सासूबाईंनी हातावर दही-साखर ठेवली. जीपपर्यंत सोडायला आलेला मयंक म्हणाला, पंधरा दिवसांत कंटाळून नवऱ्याला हाका मारशील. बघू या! भुरियो डुंगर, म्हणजे भुरा डोंगर, नुसता एकच उघडाबोडका ग्रॅनाइटचा खडक, खाली सगळं अभयारण्य. माथ्यावरच्या खोलीतून वणव्यावर नजर ठेवायची नि वायरलेसवर कळवायचं, एवढंच काम. मजा आहे.

४ मार्च
सकाळी दारात दगडी वाटीभर थंडगार पाणी. खालच्या चौकीतल्या कौशल्याबेननीच ठेवलं असणार. प्यायले. वाटी रिकामी कशी परत द्यायची? आमच्याकडे शेजारणीची वाटी तशीच गेली तर सासूबाई घर डोक्यावर घेतात. चिमूटभर साखर घालून दारात ठेवली.

७ मार्च
वाटी रोज येते. साखर संपली, मग घरून आणलेला लीलो, म्हणजे ओला चिवडा दिला. बोटं बधिर होतात. वारा फार आहे इथे.

१० मार्च
वायरलेसवर कौशल्याबेनचे आभार मानले. त्या म्हणाल्या, होळीला माहेरी गेले होते, आजच आले. वर कोणीच येत नाही. मग विचारलं, वाटीत काही घातलंत का? चिवड्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, या डुंगराला एकदा द्यायला लागलं की तो मागतच राहतो. लगेच उतरा.
पण पाय धड उचलत नाहीत. मयंकला निरोप दिला, रविवारी न्यायला ये.

११ मार्च
वाटी रिकामीच ठेवली. संध्याकाळपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत बधिर झाले. सुई टोचली. काही नाही. घाबरायला हवं होतं.

१३ मार्च
वाटीत घालून घालून खाण्याचे डबे संपले. आज वाटीत मंगळसूत्र घातलं. हात जरा हलू लागले. पायांची कातडी भुरी, खरखरीत, उन्हात चमकते. रडू येत नाही—

१५ मार्च, रविवार
आज वाटी नाही. परात. काठोकाठ पाणी.
माझ्याकडे द्यायला काही उरलं नाही.
मयंक आला. दारातून दिसतोय. दमलाय, हसतोय. म्हणतो, मारल्यास ना हाका? आधी पाणी पितो—
ओरडायला हवं. माझा जीव आहे त्याच्यावर. आठवतंय. वाटत नाही.
ओंजळ भरली त्याने—
पिऊ दे. परात रिकामी परत तर नाही ना जाय—