सतरावं पान

मालाखोव्का, १९ ऑगस्ट १९९७

आदरणीय कोन्द्रात साविच यांना मेहुण्याचा नमस्कार. तुमची कंबर सरळ झाली असेल आणि तुमच्या काकड्या आमच्यापेक्षा वीतभर लहानच असतील, अशी आशा आहे. तुमची बहीण ग्लाफिरा मजेत आहे. म्हणजे मला बोलण्याइतकी ताकद तिच्यात आहे.

सध्या माझा भाव वधारलाय. सात वर्षांपूर्वी परराष्ट्र खात्यात मी बैठकांची टिपणं घ्यायचो, आठवतं ना? (तुम्ही त्याला पेन्सिलीला टोक काढणं म्हणायचात.) एका बैठकीत पश्चिमेकडचे पाहुणे म्हणाले की आमची लष्करी युती पूर्वेकडे बोटभरही सरकणार नाही. आमच्या साहेबांनी मान डोलावली, हात मिळवले, आणि त्यांच्याकडून लिहून घ्यायचं तेवढं राहिलं. आता युती तीन नवे देश घेऊन पुढे निघालीय. ते म्हणतात, असं बोललोच नाही; आपले म्हणतात, बोललात. मग कुणाला तरी आठवलं की टिपणवाला मालाखोव्कात मुरंबा खात बसलाय.

काल खात्याचा माणूस आला. "काका, ती वही द्या. महिन्याभरात इथे टेलिफोन बसवतो." (मी बारा वर्षं अर्ज करतोय, मुलीशी बोलायला ग्लाफिरा स्टेशनपर्यंत चालत जाते.) म्हटलं, लिहून द्या. त्याचा चेहराच पडला. "काका, आमच्या शब्दावर विश्वास नाही?" तेवढ्यात स्वयंपाकघरातून ग्लाफिरा म्हणाली, "माझ्या वडिलांनी लग्नाआधी यांच्याकडून सिगारेट सोडायचं लिहून घेतलं होतं. कागद अजून आहे. देशाला काय धाड भरली होती?" बिचाऱ्याने मुकाट्याने लिहून दिलं, शिक्क्यासकट. अट एकच, ते वाक्य असलेलं पान हवं. मीही छाती ठोकून सांगितलं, याच कानांनी ऐकलं आणि सतराव्या पानावर लिहिलं. महिनाअखेरीस तो वही न्यायला येईल. एकूण आनंद आहे. फोन कुठल्या भिंतीवर लावायचा यावर रोज सुखाने भांडतो.

तुमचा,
अर्काशा

ता. क. वहीत सोळानंतर एकदम अठरावं पान आहे. तुमची बहीण दर उन्हाळ्यात मुरंब्याच्या बरण्यांवर कागद घालून दोऱ्याने बांधते, आणि खात्याचा कागद जाड असतो. घरातल्या सगळ्या बरण्या पाहून झाल्या; आता पंधरवड्यापूर्वी तुम्ही नेलेली रासबेरीची बरणी पाहा. कागद टाकू नका, लगेच पाठवा.

आणखी एक. पाठवण्याआधी वाचा. खरं सांगायचं तर त्या वाक्याच्या वेळीच चहा आला होता, आणि ग्लाफिराने सांगितलेलं विसरू नये म्हणून मी काहीतरी लिहीत होतो. पानावर "साखर तीन किलो, जाड दोरा" एवढंच असेल, तर ते पुन्हा बरणीवर घट्ट बांधा आणि मला कळवा की उंदरांनी खाल्लं. ही गोष्ट आपल्या दोघांतच राहील, असा शब्द द्या.

लेखी द्या.