डॉकचा कप

३ सप्टेंबर

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांत माझ्यावरचा एक नोंदवून ठेवणं मला भाग आहे. इथल्या दवाखान्याच्या छोट्या स्वयंपाकघरात कपांसाठी भिंतीवर खुंट्या आहेत, प्रत्येकीखाली नाव. माझ्यासाठी एकही नाही. मधल्या खुंटीवर डॉ. ॲमॉस रॅटलिफ यांचा निळा कप आहे, आणि डॉ. रॅटलिफ फेब्रुवारीतच वारले. मेलेल्याला खुंटी आणि मला, जिवंत डॉ. केसलरबाईंना, कागदी पेला.

बाकी गाव झकास. वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगर, खाली नदी, पिवळे पडू लागलेले मेपल. अफूच्या जातीच्या गोळ्या मुठीने न वाटता दुखणं कसं सांभाळायचं, हे इथल्या डॉक्टर-नर्सना शिकवायला सरकारने मला धाडलंय. पहिला धडा एका ओळीचा: आधी श्वास मोजा, मग दुखणं विचारा. या गोळ्या माणसाला श्वास घ्यायचंच विसरायला लावतात. वर्गाने माना डोलावल्या. माझी मान नेहमीसारखी ठणकत होती. नवऱ्यापेक्षा जास्त टिकलेली सोबत आहे ती.

९ सप्टेंबर

ओलीटा सायझमोर, इथली मुख्य नर्स, गुडघ्याने लंगडते आणि प्रत्येक वाक्य ‘डॉक असते तर’पासून सुरू करते. डॉक म्हणजे तेच, निळ्या कपाचे रॅटलिफ. म्हणे डॉकनी कुणाला परत पाठवलं नाही. पाठीवर हात ठेवला की अर्धं दुखणं पळायचं. मी म्हटलं, उरलेलं अर्धं गोळ्यांनी पळायचं, कधीकधी पेशंटसकट. त्यावर ती म्हणाली, डॉक्टरीणबाई, तुमच्या जिभेवर कुणी कधी हात ठेवलेला दिसत नाही.

आज त्यांचं थडगं पाहून आले. ज्या पोरांना त्यांच्या गोळ्यांनी पोचवलं, ती शेजारीच निजलीत. तरी लोक थडग्यावर परसातले टोमॅटो ठेवतात. मला जिवंतपणी कुणी एक काकडी दिलेली नाही.

१७ सप्टेंबर

व्हर्लिन हॅचर. खाणीचं छत पाठीवर कोसळलेला म्हातारा. डॉकने लावून दिलेल्या डोसाने घोडा आडवा झाला असता. मी तो हळूहळू उतरवतेय. जोडीला व्यायाम आणि गरम पाण्याचा शेक. दुखणं दहापैकी सात म्हणतो, मला कंजूष मास्तरीणबाई म्हणतो. पण काल तो गळ घेऊन स्वतःच्या पायांनी नदीवर गेला. मला भरून आलं. मग म्हणाला, हे बघायला डॉक हवे होते.

मी तडक जाऊन निळा कप काढला आणि त्यात कॉफी प्याले. ओलीटा एवढंच म्हणाली, की उसना घेतलाय तर विसळून परत लावा, डॉक दोनदा मागत नसत.

मी तो मुद्दाम माझ्या टेबलावर ठेवलाय.

२४ सप्टेंबर

आज व्हर्लिनला विचारलं, दहापैकी किती? म्हणाला, शून्य. म्हणे बाहेरच्या बोळात डॉक भेटले, पाठीवर हात ठेवला, माझा कप कुठाय म्हणाले. थट्टा करण्यात हा वस्ताद. डॉकचं कसलं? ते शून्य माझं, माझ्या कष्टाचं. तशीच वर्गात गेले आणि फळ्यावर हे भलंमोठं शून्य काढलं. परत आले तर व्हर्लिन अजून खुर्चीत पेंगत होता. म्हटलं, जा आता घरी.

त्याचा श्वास मी मोजला नाही.

२५ सप्टेंबर

व्हर्लिन दवाखान्याच्या दारातच, ट्रकमध्ये सापडला. ओठ निळे, चेहरा तृप्त. ओलीटाने गोळ्यांचं विष उतरवणारा फवारा नाकात मारून पाहिला, उपयोग झाला नाही. डबीतल्या गोळ्या जिथल्या तिथे. त्याने काही जास्त घेतलंच नव्हतं.

ओलीटा म्हणाली, चेहरा बघा त्याचा, डॉकच्या पेशंटचा चेहरा.

मी पाहिला. आणि तेव्हाही — तेव्हाही मला जळफळाटच झाला.

२८ सप्टेंबर

सकाळपासून जो येतो तो शून्य म्हणतो. सगळ्यांना मोठ्या इस्पितळात पाठवलं. काय सांगून पाठवलं? की दुखत नाही म्हणून.

दुपारी ओलीटा माझ्यासमोरून चालत गेली. सरळ. लंगडत नव्हती. पकडून बसवलं, छातीवर नजर ठेवली — हलेचना, मग हलली. फवारा मारला, व्यर्थ. नेताना पुटपुटत होती, बाई, त्यांचा कप —

मी मानते का असलं काही? मी शिकवते. मी —

२९ सप्टेंबर

कपात कॉफी आहे. मी ओतलेली नाही. वाफ येतेय.

खुर्चीमागे कुणीतरी —

मानेवर हात. उबदार. घाई नाही त्याला. जन्मभर शिकवलं, पण असा हात मला कधी — एकदाही —

दहापैकी किती, कुणी विचारलं?

शून्य.

उठले. कप विसळला, पुसला, मधल्या खुंटीवर लावला. उसना होता. फिटलं.

इस्पितळाचा फोन. ओलीटा शुद्धीवर आली, गुडघा मरणाचा ठणकतोय म्हणून सगळ्यांना शिव्या घालतेय. बाकीचेही कण्हतायत. देवा, किती गोड आवाज —

माझी मान मात्र दुखत नाही. हात अजून तिथेच आहे. बाजूला हो म्हणायला हवं. म्हणवत नाही.

आधी श्वास मोजा.

एक.

दोन —

तिसरा यायला जरा