शेपूच्या खारातील काकडी आणि तिच्या बरणीची व्यवस्था

स्वस्ति श्री. तापीतटनिवासी, कदलीवनपालक, लवणजलमीमांसक, शेपूशास्त्रप्रवर्तक (अनुयायी शून्य), समस्त ब्राह्मणपुरीत तेलविरहित लोणच्याचा आद्य व एकमेव पुरस्कर्ता, मी हेमकांत रतिलाल पाटील, वय वर्षे त्रेपन्न, राहणार ब्राह्मणपुरी, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, कोणाच्याही दडपणाविना आणि पोटभर न्याहारीनंतर हे मृत्युपत्र लिहीत आहे. बुद्धी स्थिर आहे. हृदयाची एक झडप तेवढी अस्थिर असून ती येत्या गुरुवारी नाशिक येथे बदलली जाईल. डॉक्टर म्हणाले, चिंतेचे कारण नाही. आणि असे म्हणत त्यांनी चार ठिकाणी माझ्या सह्या घेतल्या.

१. घर आणि केळीचे साडेचार एकर पत्नी सौ. कामिनी हिला. कारभार आजही तीच पाहते. कागद वस्तुस्थितीच्या मागून येत आहे.

२. मोटारसायकल कन्या नूतन हिला. ती फक्त उतारावर सुरू होते. ब्राह्मणपुरीत उतार नाही.

३. नूतनने जर्मनीहून एक बाटली आणली होती. आत आंबट-खारट कोवळी काकडी, आणि वास शेपूचा! शेपू मुगाच्या डाळीसोबतच नांदतो, ही माझी अर्धशतकाची श्रद्धा एका घासात भंगली. हे कसे घडते, या जिज्ञासेने मी खडे मीठ, लसूण व शेपूचा फुलोरा घेऊन बरणी भरली. निष्कर्ष पुढीलप्रमाणे: ज्वारीच्या भाकरीसोबत उत्तम. बारीक चिरून वरण-बट्टीवर अत्युत्तम. बेसनात पाण्याऐवजी खार घातलेली भजी कामिनीने दोनदा मागून घेतली. चहासोबतचा प्रयोग कोणीही पुन्हा करू नये.

४. आता मुख्य विषय. मी नऊ वर्षांचा असताना आई वारली. मला वाढवले ते थोरल्या वहिनींनी, श्रीमती निर्मलाबाईंनी. त्यांचे घर अंगणापलीकडे. दीड वर्षापूर्वी, घरी पाहुणे असताना, त्यांनी माझी बरणी उघडली, आत तेलाचा थेंब नाही हे पाहून हळहळल्या आणि शेंगदाण्याचे कडकडीत तेल व लोणच्याचा मसाला त्यात ओतला.

"हेमू, तेल नई टाकं ते सडी जास. मी वाचाडं तुन्हं लोणचं," त्या आनंदाने म्हणाल्या.

मी भर पाहुण्यांत म्हणालो, "मन्ही माय ऱ्हाती ते इचारीसन हात लावती."

आई असती तर विचारून हात लावती, हे माझ्या तोंडून ऐकून वहिनींनी पळी खाली ठेवली आणि त्या निघून गेल्या. दर रविवारी अंगण ओलांडून येणारे त्यांचे झाकलेले ताट त्या दिवसापासून बंद झाले.

बरणी मी सर्वांसमक्ष उकिरड्यावर रिकामी केली. मात्र पाच काकड्या काढून ठेवल्या होत्या. त्या गोठ्यामागे उभा राहून खाल्ल्या. त्या माझ्या सर्व प्रयोगांहून सरस होत्या. तेलाने शेपूचा वास दबायला हवा होता. तो उलट जिभेवर रेंगाळला. का, हे मला अद्याप उमगलेले नाही. ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितली नाही.

सबब, बरणी, खार व प्रयोगवही वहिनींना. त्यांनी निःसंकोच तेल घालावे.

५. मृत्युपत्र मरणोत्तर वाचतात, हे मला ज्ञात आहे. तथापि कलम चार मी बुधवारी, नाशिकला निघण्यापूर्वी, स्वतः वहिनींच्या ओट्यावर बसून वाचणार आहे. मी मध्येच अडखळल्यास पुढचे कामिनीने वाचावे. ताट पुन्हा येईल की नाही, ते वहिनींच्या अधिकारात आहे. त्यावर माझा हक्क नाही.

साक्षीदार: १. हिलाल भिला पाटील (सही) २. करमसिंग पावरा (सही)
मृत्युपत्रकर्ता: हेमकांत रतिलाल पाटील (सही)
स्थळ: ब्राह्मणपुरी. दिनांक: १२ जानेवारी २०२५

पुरवणी: वहिनींना फुलोरा लागेल. शहाद्याच्या बाजारातील तापीबाई जुडी बांधताना नेमका तोच खुडून टाकते. तीन वेळा विनंती केली. म्हणते, "फूल उनं म्हणजे शेपू म्हतारा व्हई गया, भाऊ. त्ये मन्ही बकरी खास."