डाव्या हाताखालचा काटा

२ मार्च

सर्व संबंधितांच्या माहितीसाठी नोंद करण्यात येते की, गच्चीवरील माझ्या चटईवर आज सकाळी नाचणीचे चौतीस पापड वाळत पडलेले आढळले. आरोपी – धर्मपत्नी ज्ञानेश्वरी. बचाव – "अहो, तुमची चटई स्वच्छ असते. तुम्ही पाय कुठे टेकवता तिच्यावर?" अधोमुखवृक्षासन पापड उठेपर्यंत तहकूब.

नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सोपं वाटलं होतं. हातांवर उभं राहायचं, डोकं अधांतरी. दिवाळीपासून चाललंय. पहिले दोन महिने नुसती मनगटं आणि खांदे. आता भिंतीला पोट लावून पन्नास सेकंद राहतो. भिंतीशिवाय – शून्य.

गुरू रामकिसन. खालच्या मजल्यावर राहतो, इथल्या बोईसर एमआयडीसीत फिटर, मूळचा परभणीकडचा. तरुणपणी मल्लखांब केलेला. मला सर म्हणतो आणि मास्तरासारखा ओरडतो.

९ मार्च

रामकिसन दोन वजनकाटे घेऊन आला. एकेका तळहाताखाली एक. कारखान्यात मशीन बसवताना सगळ्या पायांवर भार सारखा आलाय का बघतात, तसं.

"आकडे जुळल्याबिगर भिंत सोडायची नाही, सर. एका पायावर बसलेली मशीन हादरे देती, आन् एक दिवस पडती."

उजवा ३९ किलो. डावा ३३.

जिने झाडायला पाम गावाहून नवसी येते. ती झाडू थांबवून बघत होती. "भाऊ, उलटं बघून काय मिलतं? बोईसर हाय तसाच हाय."

१० मार्च

डाव्यासाठी वेगळा व्यायाम. पाण्याची बादली, रोज तीनदा.

२६ मार्च

उजवा ४०. डावा ३२.

वाढायला हवा तो घटला. रामकिसन म्हणाला, दमला असाल. काल बातमीसाठी घिवलीला जाऊन आलो होतो, मच्छीमारांच्या बैठकीला. दमलो असेन.

२ एप्रिल

पालघरच्या कार्यालयातून दिशाचा फोन. माझ्या बातम्या तीच तपासते. "सर, घिवलीच्या बातमीत व्यंजनं पोचली. काने-मात्रे टपालाने पाठवताय का?"

हसलो. मग फोन ठेवला आणि कळफलकाकडे बघत बसलो. व्यंजनं उजव्या हाताला. काने-मात्रे डाव्या.

८ एप्रिल

उजवा ४२. डावा ३०.

रामकिसनला वाटलं, गच्चीचा उतार. पाणी डावीकडच्या नळाकडे जातं. दुसऱ्या भिंतीशी उलट्या तोंडाने उभा राहिलो. आकडे तेच. मग त्याने काटे आपसांत बदलले. तरी डावाच कमी.

तो बराच वेळ काटे पुसत राहिला. "सर, काटे दोन्ही बरोबर हायत."

१५ एप्रिल

ज्ञानेश्वरी – "अहो, हल्ली कुलूप उघडताना पिशवी खाली का ठेवता? किल्ली तर उजव्या हातात असते."

"व्यायामाने अंग दुखतं."

"मग दोन्ही हात दुखायला हवेत."

बाई तर्कशास्त्र कुठे शिकली कोण जाणे. विषय बदलून नाचणीच्या पापडांची स्तुती केली. ती हसली नाही.

२४ एप्रिल

उजवा ४३. डावा २९.

रामकिसनने काटे पिशवीत भरले. "मशीन असती तर मी बंद करून खोलली असती. डॉक्टरला दाखवा. तोवर मी शिकवत नाही."

आठ दिवस दे म्हणालो.

"सर, काटे तपासले तवापासून मी दोन आठवडे दिले. तुमी बी घेतले. आता बास."

माझ्याकडे न बघता जिना उतरला. ताईंना, म्हणजे ज्ञानेश्वरीला, सांगू का, हे त्याने विचारलं नाही. म्हणून जास्त भीती वाटली.

२५ एप्रिल

गेलो नाही. तहसीलमध्ये काम होतं. काम नव्हतं.

३ मे

पहाटे एकटाच गच्चीवर. भिंत सोडली.

एक, दोन, तीन, चार – सरळ उभा होतो. पाय हलके. सहा महिने यासाठी घातले होते. आनंद होईल असं वाटलं होतं, पण लक्ष सगळं डाव्या कोपराकडे. पाचला तो दुमडला. दुखलं नाही, घसरला नाही. मी सांगत होतो आणि तो ऐकत नव्हता.

खांद्यावर पडलो. खरचटलंय. ज्ञानेश्वरीने हळद लावली. पट्टी बांधून झाल्यावरही हात हातात धरून बसली.

४ मे

सकाळी तिला सांगितलं. दिवाळीच्या आधी एक दिवस सदऱ्याचं बटण डाव्या हाताला लागेना. तेव्हापासून रोज हात तपासतोय. छंद वगैरे काही नव्हता. ताकद कमवली तर हाताचं दुबळेपण जाईल, असं ठरवून टाकलं होतं.

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या आजाराचीही डाव्या हातापासूनच सुरुवात झाली होती. तेव्हा ते बावन्नचे होते. शेवटची चार वर्षं आई त्यांना भरवायची. मला या महिन्यात बावन्न पूर्ण होतील.

उद्या सकाळी दहा वाजता डॉक्टर. ज्ञानेश्वरीला मला भरवावं लागेल, याची भीती वाटते.